कॅप्टन दिगंबर परत आला होता

“बाई, तुम्ही आमच्या कॅप्टनला मारलंत!” बंडू चौगुल्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि मुजावर सरांच्या चित्रकलेच्या वर्गातले रंगाचे पेले खडखडले.

“मी कुठं मारलं?” ती मुलगी म्हणाली. “तो परत येत नाही, एवढंच म्हटलं मी.”

“एकच की ते!”

मुलीचं नाव नूपुर शेजवळ. ठाण्याची. वय तिशीच्या आतबाहेर, केस मानेपर्यंत कापलेले, बोलणं मऊ. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिराती करून नाव काढलं होतं तिनं, आणि आता ती ‘दूरतारा’चा चौथा भाग काढायला निघाली होती. त्यासाठीच भर वैशाखात आमच्या कुरुंदवाडला आली होती. वर्गात आम्ही पंधरा-वीस जण विद्यार्थ्यांच्या बाकांवर गुडघे मोडून बसलो होतो, आणि पंखा गरम हवा फिरवत होता.

ज्यांना ‘दूरतारा’ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर चौगुले मला शिव्या घालतील. कोल्हापूरच्या भाऊसाहेब इंगवल्यांनी काढलेले हे तीन चित्रपट. अंतराळातले, मराठीत, आणि तेही त्या काळी! यान म्हणजे गुऱ्हाळातली काहील, गूळ कढवायची मोठी कढई. एका काहिलीवर दुसरी पालथी घालून जोडलेली. परग्रह म्हणजे आमच्याच नदीचं उन्हाळ्यातलं वाळवंट, वर पसरलेली उसाच्या चिपाडांची राख. त्या राखेतून कॅप्टन दिगंबर पाठीवर पितळी टाकी घेऊन हळूहळू चालत यायचा आणि मागं नुसता तंबोरा वाजत राहायचा. काहील ओळखू यायची, नदी ओळखू यायची, तरी अंगावर काटा यायचा. चित्रपट सुटल्यावर घाटावर उभं राहिलं की पलीकडचा काठ कुणाचा, हे मला खरोखर कळायचं नाही.

पहिले दोन भाग गाजले. तिसरा कोल्हापुरात आठवडाभरही टिकला नाही. लोक तोंड पाडून बाहेर पडले म्हणे. आमच्या तारामती टॉकीजमध्ये मात्र तो कितीतरी आठवडे हलला नाही, आणि त्याचा गावाला कोण अभिमान! “रसिक गाव आहे बाबा आपलं,” असं चौगुले सायकलच्या दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. पुढं भाऊसाहेब गेले. तिसऱ्या भागाच्या प्रती कुठं गेल्या ते कुणालाच कळलं नाही. टीव्हीवर तो कधी लागला नाही. मग आमच्या दूरतारा मंडळानं एक रीत पाडली. दर उन्हाळ्यात जमायचं आणि अख्खा चित्रपट तोंडानं सांगायचा. एकानं यान सांगायचं, एकानं राख, तंबोरा मुजावर सरांनी तोंडानं धरायचा. शेवट आईनं सांगावा असा सगळ्यांचा आग्रह असायचा, कारण तो चित्रपट माझ्या आईइतक्या वेळा गावात कुणीच पाहिला नव्हता. आई दरवर्षी म्हणायची, “तुम्ही सांगा. मी ऐकते.”

आणि शेवट असा होता. यान वर जातं. रेडिओ खरखरतो, बंद पडतो. काळोखात एक ठिपका लुकलुकत राहतो. पडद्यावर पाटी येते – समाप्त. माणसं चपला शोधायला लागतात. आणि तेवढ्यात, पाटीनंतर, एक दार उघडतं! दारात दिगंबर उभा, शिरस्त्राण काखेत. त्याची म्हातारी आई लगबगीनं बाहेर येते, त्याचा हात हातात घेते, तळहातावर साखर ठेवते. तो वाकून नमस्कार करतो. बस्स, दिवे लागतात. टॉकीजमध्ये शिट्ट्या, टाळ्या, बायका पदरानं डोळे पुसताहेत. समाप्तची पाटी दाखवून पुढं चित्रपट चालू ठेवणारा माणूस जगात एकच झाला, असं चौगुल्यांचं ठाम मत होतं.

“समाप्तनंतर?” चौगुल्यांनी हा शेवट सांगितल्यावर नूपुरनं विचारलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. “चौगुलेकाका, दाराचा प्रसंग आधी आहे. तो सुट्टीवर घरी येतो, आईचा निरोप घेतो, आणि मग जातो. मला बेळगावच्या एका गोदामात प्रत सापडलीय. शेवटची दोन रिळं… तुमच्या टॉकीजमध्ये ती उलटी लागली असणार.”

“उलटी? एवढे आठवडे?”

“एकदा लागली, लोकांना आवडली, मग कोण बदलतंय!”

चौगुल्यांनी टोपी काढली, परत घातली. “म्हणजे आम्ही इतकी वर्षं गाढवासारखे…”

“गाढव कशाला बंडू,” मुजावर सर म्हणाले. “आपण पाहिला तो आपला चित्रपट.”

“सर, ते चित्रकलेत चालतं! हिचा कॅप्टन मेला, तर ही चौथा भाग कुणाचा काढणार? त्याच्या भुताचा?”

“त्याला शोधायला एक मुलगी निघते,” नूपुर म्हणाली.

“मुलगी! आणि यान कसलं? काँप्युटरवरचं?”

“काहीलच आहे. शिरोळच्या गुऱ्हाळातून आणलीय.”

यावर मात्र चौगुले जरा विरघळले. पण वाद थांबला नाही. जाहिरातवालीच्या हाती कॅप्टन द्यावा का, मूळ माणूस नाही तर त्याच्या गोष्टीला हात लावावा का, लावायचा तर कुठल्या शेवटापासून. एकजण म्हणाला नवीन काही नकोच, जुनं आहे ते पुरे. दुसरा म्हणाला, जुनं आहे कुठं लेका, तुझ्या तोंडात? सगळे एकदम बोलत होते. शेवटी असं ठरलं की रविवारी दुपारी तिनं प्रत दाखवावी. टॉकीजचं आता तारामती मंगल कार्यालय झालं होतं, तिथंच, खिडक्यांना जाजमं बांधून.

मी काहीच बोलले नाही. एरवी मी गप्प बसणारी बाई नव्हे, सगळं गाव ओळखून होतं. पण मला त्या शेवटाचीच पडली होती.

कारण माझा दादा. त्याचं नाव प्रभाकर. मी चौथीत होते तेव्हा तो घरातून गेला. त्याला बोटीवर नोकरी करायची होती आणि वडिलांना तो किराणा दुकानात हवा होता. एका सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. “गेलास तर परत तोंड दाखवू नकोस,” वडील म्हणाले. दादा गेला. पुढं कुणीतरी त्याला मुंबईत गोदीजवळ पाहिल्याचं सांगितलं, तेवढंच. आणि त्याच उन्हाळ्यात तारामतीला तिसरा भाग लागला. आई रोज दुपारच्या खेळाला जायला लागली, मला बोटाला धरून. डोअरकीपर तिकीट विचारायचा बंद झाला. वडिलांनी सगळं माहीत असून माहीत नसल्यासारखं केलं. काळोखात मी पडद्याकडं कमी आणि आईकडं जास्त बघायची. दार उघडलं की तिचे ओठ हलायचे. माझ्या डोक्यात दिगंबरचा चेहरा आणि दादाचा चेहरा कधी एक झाले ते मला सांगता यायचं नाही. स्वप्नात दादा राखेतून चालत यायचा, आणि मी जागी होऊन दार बघायची.

तेव्हापासून आमचं घर कधी मोकळं राहिलं नाही. वडील गेले, मी बँकेत लागले, पण दोघींपैकी एक जण घरात हवीच. दोघींना एकदम बाहेर पडायचं तर शेजारच्या पुष्पावहिनी ओसरीवर येऊन बसायच्या. पुण्याचं एक चांगलं स्थळ मी नाकारलं. बँकेत बढती आली की बदली आलीच, म्हणून बढत्या नाकारल्या. आई वाट बघतेय आणि ती एकटी कशी बघणार, इतकं साधं होतं ते. कधी चिडचिड झाली नाही असं कसं म्हणू? झाली की. पण दारातली ती म्हातारी आठवली की मी गप्प बसायची. तो आला होता ना शेवटी? मग आमचाही येईल.

आणि आता ही ठाण्याची पोर सांगत होती की तो आलाच नव्हता.

संध्याकाळी मी तिला घाटावर गाठलं. पाणी आटून पार तळाला गेलं होतं आणि वाळवंट गुलाबी दिसत होतं. ती एकटीच पायऱ्यांवर बसून पलीकडं बघत होती.

“इथंच ना?” तिनं विचारलं. “इथंच तो राखेतून यायचा?”

“इथंच. नूपुर, माझं एक काम कर. रविवारी ती रिळं उलटी लाव.”

ती चमकली. मी तिला दादाचं सगळं सांगितलं. म्हटलं, “माझी आई ऐंशीच्या पुढं गेलीय. त्या शेवटावर ती जगलीय. तिला तो दिगंबर अंधारात नाहीसा झालेला दाखवू नकोस. मी तिला घरात ठेवलं असतं, पण बंडू चौगुले दुपारीच येऊन सगळं ओकून गेलेत. आता ती येणारच म्हणते.”

“कुंदाताई, भाऊसाहेबांना लोकांनी हात जोडून सांगितलं होतं, शेवट बदला म्हणून. त्यांनी बदलला नाही. पुढं त्यांना कुणी चित्रपट दिला नाही. आणि मी बदलू? ती फसवणूक नाही का?”

“आहे की. मग?”

ती हसली नाही. “मला जरा विचार करू दे,” म्हणाली.

रविवारी मंगल कार्यालय गच्च भरलं. मंडळाबाहेरचीही माणसं आली होती. चौगुल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि लग्नाला आल्यासारखे सगळ्यांना “या, बसा” करत होते. आईला पुढच्या खुर्चीवर बसवलं, तिच्या शेजारी मी. नूपुर त्या प्रतीवरून उतरवलेला चित्रपट लॅपटॉपवर घेऊन मागं उभी होती. मी मान वळवून बघितलं. तिनं माझ्याकडं पाहून डोळे मिटले आणि उघडले. मला रडू यायचंच बाकी होतं.

जाजमांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा येत होत्या. तंबोरा सुरू झाला आणि सगळं सभागृह श्वास धरून बसलं. इतकी वर्षं तोंडानं सांगितलेलं समोर आलं होतं. राख उडाली, काहील वर उठली, दिगंबर वाळवंटात एकटा उभा राहिला आणि त्याची सावली लांबत गेली. मी चाळीस ओलांडलेली बाई, पण माझे पाय पुन्हा खुर्चीवरून लोंबकळायला लागले. बाहेर कुरुंदवाड आहे, बाजार आहे, बँक आहे, यातलं काही खरं वाटेना. मुजावर सर हळू आवाजात पुढची वाक्यं आधीच म्हणत होते आणि त्यांना कुणी गप्प केलं नाही.

यान गेलं. रेडिओ बंद पडला. ठिपका. समाप्त.

आणि दार उघडलं!

काय सांगू, छप्पर उडायचं राहिलं. चौगुले खुर्चीवर चढले. “आला! बघा, आला की नाही! कोण म्हणतं नाही आला!” शिट्ट्या वाजल्या. मी आईचा हात घट्ट धरला. पडद्यावर म्हातारीनं दिगंबरच्या तळहातावर काहीतरी ठेवलं, तो वाकला, आणि दिवे लागले. मला वाटलं, जिंकले मी. निभावलं.

आई उठून उभी राहिली. मागं वळली.

“पोरी,” ती नूपुरला म्हणाली, “शेवटचं आधी लावलंस. आता आहे तसं लाव बघू.”

टाळ्या थांबल्या. चौगुले खुर्चीवरून उतरले. “काकू, असंच होतं ते! आपण इथंच पाहिलंय की!”

“बंडू, ती त्याच्या हातावर काय घालते रे?”

“साखर.”

“दही आहे ते. वाटी दिसत नाही का तुला? बाहेरगावाहून आलेल्याच्या हातावर दही घालतं का कुणी? आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. पायावर पाणी घालतात. दही घालायचं ते निघालेल्याच्या हातावर.”

सभागृहातल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. “अगं बाई,” कुणीतरी म्हणालं. इतकी वर्षं आम्ही तो हात तोंडानं सांगत होतो आणि त्यात काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं. आपल्याला हवा होता म्हणून आम्ही त्याला घरी आणून ठेवलं होतं.

“लाव गं,” आई म्हणाली आणि बसली.

नूपुरनं लावलं. दार उघडलं. या खेपेला मला दिसलं सगळं. म्हातारीच्या हातातली वाटी, बोटांवरून ओघळलेलं दही, दिगंबरनं तळहात चाटून आईच्या पदराला पुसला तो. त्याच्या पायात बूट आधीच होते, निघायच्या तयारीतले. मग यान. मग खरखर. मग ठिपका, कितीतरी वेळ. समाप्त. कुणी टाळी वाजवली नाही, पण उठलंही नाही कुणी. मुजावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि नूपुरला म्हणाले, “त्या मुलीला पाठव त्याला शोधायला. आमची हरकत नाही.” चौगुल्यांनी नाक शिंकरलं. “पण काहील खरी पाहिजे,” ते म्हणाले.

तिचा चित्रपट पुढं आला. मंडळात त्यावरून अजून भांडणं चालतात. ते असू दे.

आम्ही घरी आलो. पुष्पावहिनी उठून गेल्या. आम्ही ओसरीवर बसलो. उन्हं उतरली होती आणि गल्लीत सगळीकडं तो गुलाबी उजेड होता, मघाचाच पडदा बाहेर येऊन पसरल्यासारखा.

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“पहिल्याच दिवशी. ती बाई वाटी घेऊन आली आणि मी म्हटलं, हा निघालाय.”

“मग बोलली का नाहीस कुणाला?”

“माणसं हसत घरी जात होती, कुंदे. मी कशाला मोडता घालू?”

“आणि रोज कशाला जायचीस मग? निघालेलाच बघायला?”

आईनं पदर दोन्ही हातांत धरला. “तुझा दादा निघाला तेव्हा मी चुलीपुढं बसले होते. उठले नाही. वाटलं, मी बाहेर गेले नाही तर तो थांबेल. आईला विचारल्याशिवाय कसा जाईल? तो उंबऱ्यात उभा होता गं. चपला घासत होता, मला ऐकू येत होतं. कितीतरी वेळ उभा होता. मग आवाज बंद झाला. कोरड्या हातानं गेला माझा. म्हणून जायचे मी. ती बाई दही घालायची ना, तेव्हा मी मनातून प्रभाकरच्या हातावर घालायची. रोज घालायची. एक दिवस वाटलं, आता गेला नीट. मग जायची थांबले.”

“म्हणजे तू वाट बघत नव्हतीस?”

“मी?” ती माझ्याकडं खरंच आश्चर्यानं बघायला लागली. “वाट तू बघत होतीस. एवढीशी पोर, शाळेतून आलीस की दारात बसायचीस. आला का, आला का विचारायचीस. मी म्हटलं, पोर बघतेय तर तिच्यासाठी बघावी. नाही येणार असं कुठल्या तोंडानं सांगू? मग तू मोठी झालीस. पुण्याचं ते स्थळ नाकारलंस. मला वाटलं, भावासाठी नाकारलं. तुला घर मोकळं ठेवायचं नसायचं. मी आपली तुझ्याबरोबर बसत राहिले.”

मी रडले. मोठ्यानं रडले, पोरासारखी, गल्लीतून माणसं जात होती तरी. राग आला होता, हसूही येत होतं, काय काय होत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन बाया एका दाराशी जन्मभर बसल्या होत्या, आणि दोघी एकमेकींसाठी. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“मग तुला कुठं जायचं होतं गं?” तिनं विचारलं.

गावातल्या कुणाच्याही कुठल्याही बोलण्याला माझ्याकडं उत्तर तयार असायचं. त्या प्रश्नाला मात्र मला एकही गाव आठवेना. पुणं? कोल्हापूरचं हेड ऑफिस? कशाचंच काही वाटेना आता. शेवटी म्हटलं, “आई, मी समुद्र बघितलेला नाही.”

“इतक्या जवळ असून?”

“शाळेची सहल गेली होती. मी गेले नाही.”

“मी तरी कुठं बघितलाय,” आई म्हणाली. मग हळूच, “तो त्याच पाण्यावर गेला.”

“जाऊ या का?”

“दोघी? आणि पुष्पावहिनींना किती दिवस बसवायचं?”

“कुणाला कशाला बसवायचं? कुलूप लावू.”

आईनं दाराकडं बघितलं, कडीकडं बघितलं. “अगं, पण आपल्याकडं कुलूपच नाही,” ती म्हणाली. मग आम्ही दोघी जे हसत सुटलो, ते पुष्पावहिनी काय झालं म्हणून धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना मी पितळी कुलूप आणलं, आणि रजा टाकून आले. रत्नागिरीची एस.टी. सकाळची होती. कुलूप आईनंच लावलं, दोनदा ओढून बघितलं. मी किल्लीसाठी हात पुढं केला, तर दिली नाही. कमरेला खोचली, आणि मागं न बघता स्टँडच्या दिशेनं माझ्यापुढं चालायला लागली.